कांताबाईंच्या मापाचा टेबल

मित्रांनो, मी एक जुना टेबल आहे. घडीचा. तुमच्या व्याकरणाच्या पुस्तकात 'ते टेबल' असं लिहिलेलं असतं, ते मला ठाऊक आहे. पण आमच्या चंद्रपुराकडे सगळे मला 'तो टेबल' म्हणतात, म्हणून मीही स्वतःला तसाच समजतो. माझी जागा शाळेत नाही, कचेरीत नाही. मी एका लहानशा शिडाच्या नावेत राहतो.

तुम्ही म्हणाल, या जंगलाच्या मुलखात शिडाची नाव कुठून आली? मग तिच्यापासूनच सुरुवात करतो.

गुलाब रामटेके ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर होते. सारी नोकरी मोठमोठ्या यंत्रांच्या घरघराटात गेली. तरुणपणी एकदा त्यांना ट्रेनिंगसाठी विशाखापट्टणमला पाठवलं होतं. तिथं समुद्रावर त्यांनी पांढऱ्या शिडांच्या लहान नावा पाहिल्या. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. नुसता वारा भरला की नाव निघाली! कानठळ्या बसवणाऱ्या कामात राहणाऱ्या त्या माणसाच्या मनात ती शांत नाव जी शिरली ती निघालीच नाही. निवृत्त झाल्यावर चंद्रपुरातल्या घराच्या अंगणात त्यांनी प्लायवूडची नाव बांधायला घेतली. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि करवत चालवायचे. रस्त्यानं जाणारे लोक फाटकाशी थांबून विचारायचे, "काऊन भाऊ, यंदा लय मोठा पूर येणार हाय का?"

त्यांची बायको कांताबाई. क्वार्टरमध्ये असल्यापासून त्यांचं शिवणकाम चालायचं. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. नावेचं शीडही त्यांनीच शिवलं, मंडपाच्या जाड कापडाचं, दुहेरी शिलाई घालून. पण नावेत बसायला त्या तयार नव्हत्या. त्यांचे गुडघे फार दुखायचे. पाय मोडून खाली बसणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

"मले भुईवर बसता येत नाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या खोक्यात मी बसू कुठी आन् जेवू कुठी?"

"जेवाचं काऊन काढतेस मधातच?"

"दिवसभर पाण्यावर राहू म्हणता ना? मंग काय उपाशी राहाचं?"

गुलाबभाऊ हसायला गेले, पण हसू ओठांवरच राहिलं. जेवणाचा विषय निघाला आणि त्यांना काहीतरी आठवलं. वीज केंद्रातली पाळी कधी पहाटेची, कधी दुपारची, कधी रात्रीची. ते कामावरून यायचे तेव्हा ताट झाकून ठेवलेलं असायचं. ते एकटे जेवायचे आणि झोपायचे. कांताबाई केव्हा जेवतात, किती जेवतात, त्यांना चटणी आवडते की लोणचं, यातलं गुलाबभाऊंना काहीच माहीत नव्हतं. इतका संसार झाला, मुलगा प्रफुल शिकून नागपूरला नोकरीला लागला, आणि ही दोघं एका वेळी, एका जागी, निवांत बसून जेवली असतील ती कुठल्या लग्नाच्या पंगतीत. तिथंही बायका वेगळ्या, पुरुष वेगळे.

"तुह्यासाठी नावेत टेबल लावतो," गुलाबभाऊ म्हणाले. "दोघंही बसून जेवू."

अशी माझी गरज निर्माण झाली. पण मित्रांनो, मी लगेच जन्मलो नाही. माझ्या आधी दोघे होऊन गेले.

पहिला बल्लारपूरच्या बाजारातून आला. अॅल्युमिनियमच्या चार पायांचा, हलका, देखणा, पटकन मिटणारा. गोंडपिपरीच्या बाजूला एक मोठा जलाशय आहे. तिथं मासेमारी करणारे सुकलूभाऊ गुलाबभाऊंचे दोस्त झाले होते. दोघांनी तो टेबल नावेत ठेवून फेरी मारली. शिडात वारा भरला की नाव एका अंगावर कलते, हे तुम्हाला माहीत असेल. नाव कलली तसा तो टेबल चारही पायांनी घसरत गेला आणि त्याच्यावरचा डबा आडवा झाला. लाखोळीचं सगळं वरण नावेच्या तळाशी सांडलं. सुकलूभाऊ म्हणाले, "भाऊ, मासोळ्यायले जेवण द्यायचं असल तं सरळ पाण्यातच टाका ना!"

दुसरा गुलाबभाऊंनी स्वतः बनवला. फिटरचा हात लोखंडावरच जाणार! पाइपाचे पाय, पत्र्याचा माथा, नटबोल्टांनी तळाला आवळलेला. तो जागचा हलला नाही हे खरं. पण त्याच्या भारानं नावेचं नाक पाण्यात वाकलं, आणि त्याच्या कोपऱ्यानं गुलाबभाऊंच्या नडगीचं कातडं सोललं.

त्या दोघांना मी कधी पाहिलं नाही. तरी त्यांचे उपकार मी मानतो. ते चुकले, म्हणून मी जमलो.

नाव टेम्पोतून पुन्हा घरी आली. लोखंडी टेबल उपटून काढल्यावर गुलाबभाऊ अंगणात नावेच्या कडेला बसले. कांताबाई दारातून बघत होत्या. थोड्या वेळानं त्या कात्री, टेप आणि रद्दी वर्तमानपत्रं घेऊन बाहेर आल्या.

"सरका जरा. मले चढू द्या."

"नावेत?"

"ज्याचं माप घ्याचं त्याच्या अंगाले हात लावा लागते. दुरून ब्लाऊज बेतते का कोणी?"

गुलाबभाऊंनी खुर्ची लावली, हात दिला. कांताबाई पहिल्यांदा नावेत चढल्या त्या अशा, अंगणात, कोरड्या जमिनीवर. त्या कडेच्या फळीवर पाय सोडून बसल्या आणि नीट न्याहाळू लागल्या. अशा नावेच्या पोटात मधोमध एक उंच, अरुंद लाकडी पेटी असते. तिच्यातून एक फळी खाली पाण्यात सोडतात, म्हणजे वाऱ्यानं नाव आडवी वाहवत नाही. कांताबाईंनी त्या पेटीवर टेप धरला.

"याले पाय नाई पायजे," त्या म्हणाल्या. "पाय असले का घसरन, नाई तं लागन. ह्या पेटीलेच दोन्हीकडून फळीचे दोन पदर लावा. जेवाच्या वक्ती वर उचलाचे, नाई तं खाली लोंबू द्याचे."

मग त्यांनी वर्तमानपत्र कापलं, पेटीला टाचण्यांनी लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा कापलं. बाहीसाठी काखेत गोलाई देतात तशी गुडघ्यापाशी गोलाई दिली. गुलाबभाऊ तोंड उघडं टाकून बघत होते.

"अवो, हा तं ब्लाऊजच झाला!"

"मंग? नावेले बी अंग असते."

तो कागदी नमुना घेऊन दोघं गोंडपिपरीला वारलू सुताराकडे गेले. वारलूभाऊंनी तो हातात धरून उजेडात उलटसुलट केला. "बाई, लय मापं पाह्यले मी," ते म्हणाले, "पण पेपरातून कापून आणलेला टेबल पयल्यांदाच पाहून राह्यलो."

त्यांच्याकडे एका जुन्या पलंगाचं सागवान पडून होतं. त्या लाकडातून मी झालो. रंधा माझ्या अंगावरून फिरला तेव्हा जुनं, काळवंडलेलं कातडं निघून आतून सोनेरी रेषा वर आल्या. वारलूभाऊंनी माझ्या दोन्ही पदरांना बोटभर उंच काठ लावला, म्हणजे नाव कलली तरी ताट घसरू नये. खाली आधाराला फिरत्या पट्ट्या बसवल्या. कांताबाईंनी एक अट घातली होती. पदर धुवायला वेगळे करता आले पाहिजेत. म्हणून पितळी बिजागऱ्यांमधून एक लांब सळई घातली. ती ओढली की पदर मोकळा. शेवटी मला जवसाच्या तेलानं चोळलं, पुन्हा पुन्हा, लाकूड पोटभर पिईपर्यंत.

मित्रांनो, माझ्या जन्मात एका बाईची कात्री, एका सुताराचा रंधा आणि एका फिटरचा हट्ट आहे. यातलं काहीही कमी असतं तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो.

पाण्यावरचं आमचं पहिलं जेवण मला स्वच्छ आठवतं. थंडीचे दिवस होते. दुपारचं ऊन अंगाला बरं वाटत होतं. दूरच्या वाळक्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. गुलाबभाऊंनी शीड सैल सोडलं, नाव संथ झाली. माझे दोन्ही पदर वर आले. एका बाजूला कांताबाई, एका बाजूला गुलाबभाऊ. भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, हिरव्या मिरच्या. कांताबाईंनी आधी मिरचीचा तुकडा मोडला आणि मगच भाताला हात घातला.

गुलाबभाऊ बघतच राहिले. "तू मिरची आधी खातेस?"

"लहानपणापासून."

"मले माहीतच नाई."

"आता झालं ना माहीत," कांताबाई म्हणाल्या. "जेवा. भात गार होते."

त्यानंतर दर रविवारी आम्ही पाण्यावर जाऊ लागलो. माझ्यावर काय काय झालं म्हणून सांगू! संत्री सोलली गेली, शेंगा फोडल्या गेल्या, सुकलूभाऊंनी तळलेल्या मासोळ्या आणून वाढल्या. कधी ती दोघं भांडली आणि माझ्या दोन बाजूंना तोंडं फिरवून बसली. तरी तिथंच, समोरासमोर बसली. उठून जायला जागाच नव्हती ना! सुकलूभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवायचे. "पाह्य, हा टेबल बाईनं बेतलेला हाय," असं म्हणायचे. मला फार अभिमान वाटायचा.

मग तो मार्चचा दिवस आला. मोहाची फुलं गळायचे दिवस होते. सकाळपासून आभाळ निळं होतं, वारा मंद होता. जेवण आटोपून कांताबाई डबे भरत होत्या, तेवढ्यात पश्चिमेकडून काळं आभाळ चढलं. गुलाबभाऊंनी पाहिलं आणि नाव काठाकडे वळवली. पण अवकाळी वादळ कोणासाठी थांबतं? वारा असा आदळला की नाव आडवी होते की काय असं वाटलं. टपटप गारा पडू लागल्या.

आमच्या त्या जलाशयाच्या एका अंगाला जुनं जंगल बुडालेलं आहे. वाळक्या झाडांचे बुंधे तिथं पाण्यात उभे आहेत, काही पाण्याच्या वर, काही पाण्याखाली लपलेले. वारा आम्हाला तिकडेच ढकलत होता. आणि अशाच एका लपलेल्या बुंध्यावर आमचं सुकाणू आपटलं. कडाड् आवाज झाला. सुकाणू निखळून वाहून गेलं. नाव गर्रकन फिरली, शिडाचा आडवा दांडा सुसाट आला आणि गुलाबभाऊंच्या उजव्या खांद्यावर बसला. ते वल्हं उचलायला वाकले होते. वल्हं त्यांच्या हातून सुटून पाण्यात गेलं.

"कांता!" एवढंच ते ओरडले. हात लुळा लोंबत होता.

आता नाव वळवायला सुकाणू नाही, वल्हं नाही, आणि समोर बुंधेच बुंधे. नुसत्या प्लायवूडची आमची नाव. एकावर जोरात आदळली असती तर फुटलीच असती.

कांताबाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सळई ओढली आणि माझा एक पदर उपसून काढला. मागच्या टोकाशी जायचं तर उभं राहून चालणार नव्हतं. मित्रांनो, जी बाई वर्षानुवर्षं भुईवर बसू शकली नव्हती, ती त्या गारांत गुडघ्यांवर टेकली आणि रांगत मागं गेली. त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं ते मी ऐकलं. पण त्या थांबल्या नाहीत. माझा पदर त्यांनी दोन्ही हातांनी पाण्यात उभा धरला.

"कसा धरू? सांगा मले!"

"डावीकडे! नाई, नाई, तुही डावी!" गुलाबभाऊ डाव्या हातानं शिडाचा दोर सोडत ओरडले. शीड अर्धं खाली आलं.

"माही डावी का तुमची डावी, एक काहीतरी सांगा!"

"तुही! दाब! दाबून धर!"

पाणी मला उपटून नेऊ पाहत होतं. मी काय करणार? मी ताटं धरण्यासाठी जन्मलेला. पण कांताबाईंची बोटं काठात रुतली होती, आणि तो काठ होता म्हणूनच त्यांची पकड सुटली नाही. एक बुंधा घासत गेला. दुसऱ्यावर माझा कोपरा आपटला आणि तुटून गेला. तिसरा आम्ही हातभर अंतरावरून चुकवला. आणि मग तळाखाली मऊ चिखल लागला. नाव थांबली.

सुकलूभाऊ आपला डोंगा वल्हवत आले तेव्हा कांताबाई तशाच गुडघ्यांवर होत्या. माझा पदर त्यांच्या हातातून सोडवावा लागला.

"बाई, कशानं वळवली नाव?"

त्यांनी माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं.

गुलाबभाऊंच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. प्रफुल नागपूरहून धावत आला. बापाला प्लास्टरमध्ये आणि आईला खाटेवर सुजलेल्या गुडघ्यांनी पडलेली पाहून त्यानं हातातली पिशवी तिथंच टाकली. "बस झालं," तो म्हणाला. "त्या नावेचं नाव बी काढू नका आता. तुमाले काही झालं असतं तं मी कोणाले आई-बाबा म्हटलं असतं?"

नाव ताडपत्रीखाली गेली. मला नावेतून सोडवून घराच्या मागच्या पडवीत ठेवलं. माझ्यावर रंगाचे रिकामे डबे आले, फिनाइलची बाटली आली, सायकलचा पंप आला. पावसाळा आला, गेला, पुन्हा आला. भिंतीच्या ओलीनं माझी बिजागरी हिरवी पडली. एका कोपऱ्याशी वाळवीनं मातीची रेघ चढवली. मी कोणाला दोष देत नाही. पण मित्रांनो, फिनाइलची बाटली अंगावर घेऊन उभं राहताना मिरची-भाताचा वास फार आठवतो.

घरात काय चाललंय ते मला खिडकीतून कळायचं. कांताबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, त्या हळूहळू चांगल्या चालू लागल्या. गुलाबभाऊंचं मात्र उलट झालं. खांदा जुळला पण हात वर उचलेना. ते बोलेनासे झाले. टीव्हीसमोर ताट मांडीवर घेऊन चार घास खायचे आणि उठायचे. कांताबाई स्वयंपाकघरात एकट्या जेवायच्या.

एका सकाळी पडवीचं दार उघडलं. कांताबाई आत आल्या. त्यांनी डबे उचलले, बाटली उचलली, मला उन्हात नेलं. वाळवीची माती खरवडली, कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्यानं मला धुतलं, दिवसभर वाळवलं. मग जवसाचं तेल घेऊन चोळत बसल्या. वारलूभाऊंना बोलावलं. त्यांनी बिजागऱ्या साफ केल्या आणि तुटलेला कोपरा बघून म्हणाले, "बाई, हा पदर नवा करून देऊ?"

"नको. नुसता घासून गुळगुळीत करा. ह्यानं आमचा जीव वाचवला. त्याले काऊन फेकू?"

प्रफुल सणाला घरी आला तेव्हा ताडपत्री निघालेली होती. तो चिडला. कांताबाईंनी त्याला जवळ बसवलं.

"बाबा कसे जेवून राह्यले, पाह्यलं तू?"

प्रफुलनं टीव्हीसमोरच्या खुर्चीकडे पाहिलं.

"पाण्यात बुडाची भीती मले बी हाय, रे. पण हे घरात बसल्या बसल्या बुडून राह्यले. ते मले पाह्यवत नाई."

"पण बाबाचा हात उचलत नाई. नाव कोण चालवन?"

"मी."

शेवटी प्रफुलनं दोन अटी घातल्या. दोघांनीही अंगात तरंगणारी जाकिटं घालायची, आणि बुंध्यांच्या बाजूला कधीच जायचं नाही. नवं, पोलादी पट्टीचं सुकाणू त्यानं स्वतः उभं राहून बनवून घेतलं. सुकलूभाऊंनी थंडीभर कांताबाईंना काठाकाठानं सराव दिला. गुलाबभाऊ आधी नुसते बघायचे. मग एक दिवस त्यांना राहवलं नाही. "दोर ढिला सोड! वारा मागून येऊन राह्यला!" ते काठावरून ओरडले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता. कांताबाई पाण्यावरूनच हसल्या.

आता रविवारी सुकाणू कांताबाईंच्या हातात असतं. ते सोडून त्यांना वाढता येत नाही. त्यामुळे झालं असं की वाढायचं काम गुलाबभाऊंवर आलं. आयुष्यात त्यांनी कोणाला ताट वाढलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझा तुटक्या कोपऱ्याचा पदर त्यांनी डाव्या हातानं उचलला, पट्टी फिरवून आधार दिला, ताट मांडलं, आणि डबा उघडला.

"भात आधी का वरण?"

"भात."

त्यांनी डाव्या हातानं भात घातला. भाताचं एक ढेकूळ ताटाबाहेर पडलं. माझ्या काठानं ते अडवलं. त्यांनी वरण घातलं, भाजी घातली, चटणी बाजूला ठेवली. मग डब्यातली हिरवी मिरची शोधून ती सगळ्यांत आधी हाताला येईल अशी ताटाच्या कडेला ठेवली.

कांताबाईंनी एक हात सुकाणूवर ठेवून दुसऱ्या हातानं ती उचलली. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. मिरची अजून त्यांनी तोंडात घातलेली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरीही दाराआड, खाटेखाली, माळ्यावर एखादी मिटलेली वस्तू उभी असेल. तिला एकदा उन्हात आणा. ओल्या फडक्यानं पुसा, बिजागरीत तेलाचा थेंब सोडा. वाळवी चढली असेल तर वेळेवर खरवडा. आधी ती रेघेएवढी असते, मग फळीएवढी होते. पण एवढं करून तिला पुन्हा भिंतीशी टेकवून ठेवू नका. तिच्यापाशी कोणाला तरी बसवा, आणि त्याच्यासमोर तुम्ही बसा. आम्हा लाकडाच्या वस्तूंना यापेक्षा जास्त काही नको असतं.

मला आता निघायला हवं. वारा बेताचा आहे, शीड चढलंय. गुलाबभाऊ विचारत आहेत की भाजीत मीठ जास्त झालं का, कारण आजची भाजी त्यांनी स्वतः केली आहे. कांताबाईंनी एक घास खाल्ला आहे, आणि आता त्या दुसरा घेत आहेत.